पहारा नसलेली मर्यादा

इंदूरच्या राजवाड्याहून आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलला रिक्षाने जायला फार वेळ लागत नाही. तिथल्या संगणकाच्या दुकानांत एक प्रश्न नेहमीचा आहे: घरचा बोर्ड जुना आहे, त्यावर हे ग्राफिक कार्ड चालेल का? काउंटरपलीकडून बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘चल जाएगा.’ उत्तर खोटं नसतं. कार्ड स्लॉटमध्ये बसतं, पंखे फिरतात, पडद्यावर चित्र उमटतं आणि गिऱ्हाईक पैसे मोजून घरी जातं. त्या व्यवहारात एक आकडा मात्र कोणी उच्चारत नाही. मदरबोर्डवरच्या त्या लांबट खाचेतून कार्डाने जास्तीत जास्त ७५ वॅट वीज घ्यायची, असं ठरलेलं आहे.

२०१६ साली एका नामांकित कंपनीच्या कार्डाने ही मर्यादा ओलांडली. आठवडाभर जगभर वाद झाला, मग कंपनीने नवा ड्रायव्हर (कार्ड हाकणारं सॉफ्टवेअर) दिला आणि विषय मिटला. मिटला असं निदान सगळ्यांनी धरून चाललं. एक पक्ष म्हणाला, बोर्ड जळतील. दुसरा म्हणाला, दहा-वीस टक्क्यांनी कुठे काय जळतं? दोघांचंही लक्ष आकड्यावर होतं. स्लॉटची मर्यादा पाळली जाते की नाही हे बघायला स्लॉटपाशी कोणीच बसलेलं नाही, ही त्याहून मोठी गोष्ट या वादात मागे पडली. कार्ड स्वतः जेवढं इमान राखेल, तेवढीच ती मर्यादा खरी.

आधी हा स्लॉट म्हणजे काय ते पाहू. पीसीआय एक्स्प्रेस ही पद्धत २००३ मध्ये आली. पीसीआय-सिग या उद्योगसंघटनेने तिचे नियम लिहिले. ग्राफिक कार्डासाठीच्या लांब स्लॉटमध्ये दोन्ही बाजूंना मिळून १६४ टोकं असतात. त्यांतली बहुतेक माहितीची ने-आण करतात किंवा जमिनीशी जोडलेली असतात. १२ व्होल्टची वीज आणणारी टोकं फक्त पाच. प्रत्येकाने १.१ अँपिअरपर्यंत प्रवाह वाहायचा, म्हणजे पाचांचे साडेपाच अँपिअर आणि ६६ वॅट. उरलेले जेमतेम दहा वॅट ३.३ व्होल्टच्या वेगळ्या वाटेने. या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे तो ७५चा आकडा. पुढच्या वीस वर्षांत स्लॉटचा वेग कितीतरी पटींनी वाढला, पण ही मर्यादा जागची हलली नाही.

७५ वॅट म्हणजे छताच्या पंख्याएवढी वीज, त्यात एवढं काय, असं कोणालाही वाटेल. पण पंखा २३० व्होल्टवर चालतो आणि त्याला अँपिअरचा तिसरा हिस्सा पुरतो. तेवढीच वीज १२ व्होल्टवर न्यायची तर सहा अँपिअरच्या पुढे प्रवाह लागतो. तारेची किंवा टोकाची तापण्याची मात्रा व्होल्टवर ठरत नाही, प्रवाहावर ठरते, आणि तीही प्रवाहाच्या वर्गाच्या हिशोबाने. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. म्हणून १२ व्होल्टच्या जगात एकेका अँपिअरला फार किंमत आहे.

ज्या कार्डांना याहून जास्त वीज लागते त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, थेट कार्डाला जोडायची सहा टोकांची केबल आणखी ७५ वॅट देते, आठ टोकांची १५० वॅट. ही वीज मदरबोर्डला न शिवता जाते.

आता २०१६ची गोष्ट. २९ जूनला एएमडीने रेडिऑन आरएक्स ४८० बाजारात आणलं. राजा कोडुरी तेव्हा कंपनीच्या ग्राफिक्स विभागाचे प्रमुख होते आणि कार्डाचा सगळा डौल त्याच्या किमतीत होता: चार जीबीचं कार्ड १९९ डॉलरला. महागडी कार्डं घेऊ न शकणाऱ्या लाखो लोकांना आभासी वास्तवाची दारं उघडायची, अशी घोषणा होती. कागदावर कार्डाची भूक १५० वॅट. त्यासाठी सहा टोकांची एकच केबल दिलेली. स्लॉटचे ७५ आणि केबलचे ७५, हिशोब काटेकोर जुळला. इतका काटेकोर की त्यात एका वॅटचीही सवड उरली नाही, आणि इथेच पहिली शंका यायला हवी होती.

टॉम्स हार्डवेअर आणि पीसी पर्स्पेक्टिव्ह या समीक्षक संस्थांकडे नुसता भिंतीवरचा मीटर नव्हता. स्लॉटमधून जाणारी वीज आणि केबलमधून जाणारी वीज वेगवेगळी मोजायची साधनं त्यांनी जमवली होती. त्यांना दिसलं की जड खेळ चालू असताना कार्ड १५० ऐवजी १६० वॅटच्या पुढे जातं. त्याचा वाढीव बोजा केबलवर न पडता दोन्ही वाटांवर जवळपास सारखा वाटला जातो. कार्डावर वीज नियंत्रित करणारे सहा टप्पे होते, तीन स्लॉटला जोडलेले आणि तीन केबलला, त्यामुळे ही निम्मी वाटणी रचनेतच होती. साडेपाच अँपिअरची मर्यादा असलेल्या वाटेने सुमारे सात अँपिअर वाहत होते. वेग वाढवून चालवलं की त्याहूनही जास्त.

सात भागिले साडेपाच, म्हणजे सव्वा पट. वर्ग केला तर उष्णता सहा दशांशाहून जास्त वाढते. हे तापणं क्षणाचं नव्हतं, खेळ जितका वेळ चालेल तितका वेळ ते चालू राहायचं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एएमडीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी लगेच प्रतिस्पर्धी एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांचे आलेख पुढे केले. त्यांत स्लॉटवरचा भार ७५ वॅटच्या वर उसळलेला दिसत होता, हे खरं. पण त्या उसळ्या एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्याही आतल्या होत्या. अशा उसळ्या कपॅसिटर गिळून टाकतात, धातू तेवढ्यात तापत नाही. तापण्याला सरासरी लागते, आणि आरएक्स ४८०ची सरासरीच मर्यादेबाहेर होती.

बचावाचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार होता. अभियंते कुठलीही मर्यादा तुटण्याच्या टोकाला ठेवत नाहीत, त्याच्या बरंच अलीकडे ठेवतात. चांगल्या मदरबोर्डवरचं तांबं आणि टोकं साडेपाचच्या जागी सात अँपिअर विनातक्रार वाहतात. एएमडीनेही सांगितलं की कार्ड ठरलेल्या चाचण्यांतून पार पडलं आहे आणि नेहमीच्या वापरात बोर्डांना धोका नाही. पुढे बोर्डांची राख झाल्याच्या लाटा कुठे आल्या नाहीत, त्यामुळे या म्हणण्याला एक प्रकारे पुष्टीच मिळाली.

तरीही हा युक्तिवाद पोकळ आहे. ही सवड कोणाची, हा प्रश्न त्यात कोणी विचारतच नाही. बोर्ड बनवणाऱ्याने साडेपाचच्या जागी आठ अँपिअर झेपेल असं तांबं घातलं असेल, तर ते कार्डवाल्यासाठी घातलेलं नसतं. धुळीने आणि दमटपणाने टोकं काळवंडतील, सात वर्षांनी स्प्रिंग सैल पडेल, बंद खोलीत कॅबिनेटच्या आतली हवा पंचेचाळीस-पन्नास अंशांवर जाईल, या सगळ्यासाठी ते राखून ठेवलेलं असतं. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कार्ड तपासलं गेलं ते वातानुकूलित खोलीत, महागड्या आणि नव्या बोर्डांवर. ते विकलं जाणार होतं मात्र स्वस्ताई शोधणाऱ्याला, आणि स्वस्ताई शोधणाऱ्याचा बोर्डही स्वस्तच असतो. १९९ डॉलरचं कार्ड घेणारा माणूस ४०० डॉलरच्या बोर्डावर ते बसवत नाही. तो चार-पाच वर्षांपूर्वीच्या संगणकात, कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ते चालवायला बघतो. कार्ड ज्यांच्यासाठी बनवलं होतं, सवड नेमकी त्यांच्याच घरी सगळ्यात कमी होती.

बोर्डापर्यंत ती वीज कुठून येते, हेही बघण्यासारखं आहे. एसएमपीएसमधून मदरबोर्डला जाणारी ती जाडजूड चोवीस टोकांची केबल असते ना, तिच्यात १२ व्होल्टच्या तारा फक्त दोन. स्लॉटची वीज, पंख्यांची वीज, बोर्डावरची इतर किरकोळ मागणी, सगळं त्या दोन तारांतून. एक आरएक्स ४८० असेल तर निभावतं. पण एएमडी त्या काळात दोन कार्डं जोडून चालवण्याची जोरदार जाहिरात करत होती: दोन स्वस्त कार्डं घ्या, एका महागड्या कार्डाची बरोबरी करा. दोन कार्डं म्हणजे त्या दोन तारांतून चौदा अँपिअर, पंखे वेगळे. अशा जोडणीसाठी काही बोर्डांवर स्लॉटजवळ जादा वीजजोडणी दिलेली असते. ज्यांवर ती नव्हती त्यांचं काय, याचं उत्तर जाहिरातीत नव्हतं.

आणि समजा झालंच नुकसान, तर भरपाई कोण देणार? स्लॉटमध्ये भाजल्याचा काळा डाग दिसला की वॉरंटीच्या खिडकीवर बोर्ड परत हातात ठेवला जातो. बोर्डवाला म्हणणार कार्डाने जाळलं, कार्डवाला म्हणणार बोर्ड कच्चा होता. मर्यादेचा कागद इथे कामाला येतो. कोणी कुठवर जायचं हे ठरलेलं असेल तरच कोण चुकलं ते सांगता येतं.

राजवाड्याभोवतीच्या वस्तीत मर्यादेबाहेर वीज ओढण्याचा हा प्रश्न वेगळ्या रूपात शंभर वर्षं नांदतो आहे. इंदुरात वीजपुरवठा सुरू झाला १९०६ मध्ये, होळकरांच्या राजवटीत. त्या काळी घरात वीज म्हणजे दिवे, फार तर पंखा. सराफा, कापड मार्केट, बर्तन बाजार, जेल रोड या दाट भागांतल्या जुन्या घरांत मग फ्रिज आले, गिझर आले, वरच्या मजल्यावर एसी आले, खाली दुकानात काचेच्या कपाटांतले दिवे आले. दीड टनाचा एक एसीच सात-आठ अँपिअर खातो. हा भाग लाकडी बांधकामाचा. खुद्द राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडाचे. १९८४च्या दंगलीत तो जळाला तेव्हा ती आग विजेची नव्हती, पण या वस्तीत लाकूड किती झपाट्याने पेटतं हे शहराने डोळ्यांनी पाहिलं.

तिथे घराच्या मागणीवर पहारा आहे, आणि तोही एकाहून जास्त. वीज कंपनीने प्रत्येक जोडणीला मंजूर भार ठरवून दिलेला असतो. त्यानंतर घरातला किटकॅट फ्यूज किंवा आताची एमसीबी. एमसीबीवर सोळा अँपिअर लिहिलं असेल आणि पंचवीस वाहू लागले, तर काही वेळाने ती पडतेच. फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळून हा पहारा झोपवणारे महाभाग घरोघरी होते, पण त्यांनाही ठाऊक असायचं की आपण काहीतरी गैर करतोय. इंदुरात तर राज्यात सगळ्यांत आधी लागलेल्या स्मार्ट मीटरांनी आणखी एक डोळा बसवला आहे. महिन्यातली सर्वोच्च मागणी आता नोंदली जाते. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून ठरवलं की एका आर्थिक वर्षात किमान तीनदा मंजूर भार ओलांडला गेला तरच तो वाढवायचा. नियम बरा की वाईट यावर वाद घालता येईल. पण तो कसा विचार करतो ते पाहा: एकदा उसळी आली तर चालेल, सवय लागली तर कागद बदला. आणि हा सगळा निर्णय मोजलेल्या आकड्यावर.

मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये यातलं काहीही नाही. साधारण बोर्डांवर स्लॉटच्या १२ व्होल्टच्या वाटेवर फ्यूज नसतो, मीटर नसतो. एसएमपीएसमध्ये संरक्षण असतं, पण ते संपूर्ण १२ व्होल्टच्या वाटेसाठी, आणि आजच्या एसएमपीएसमध्ये ते तीस, चाळीस, कधी पन्नास अँपिअरला जागं होतं. साडेपाच अँपिअरच्या पुढे आणि चाळीसच्या अलीकडे जे काही घडतं ते कोणाच्याच नजरेत येत नाही. संगणक बंद पडत नाही, पडद्यावर सूचना येत नाही. म्हणून इथे वीस-पंचवीस टक्क्यांचं उल्लंघन घरातल्या वीस-पंचवीस टक्क्यांपेक्षा गंभीर ठरतं. जिथे पहारा नाही तिथे शब्द मोडणाऱ्याला सापडण्याची भीती नसते. २०१६ मध्ये ते सापडलं कारण दोन समीक्षक संस्थांनी खर्च करून साधनं उभी केली होती. ती नसती तर आरएक्स ४८० हे कायम १५० वॅटचं कार्ड म्हणूनच ओळखलं गेलं असतं.

मोजणीशिवाय आरोप करणं किती सोपं आणि किती घातक, हेही इंदूरला ठाऊक आहे. मे २०२२ मध्ये स्वर्णबाग कॉलनीतल्या एका इमारतीला पहाटे आग लागून सात माणसं गेली. पहिल्या काही तासांत सगळीकडे ‘शॉर्टसर्किट’ हेच कारण फिरत होतं. मग सीसीटीव्हीचं चित्रण पुढे आलं आणि दिसलं की एका माणसाने खाली उभ्या असलेल्या स्कूटरला आग लावली होती. वीज ही आपल्याकडे आयती आरोपी आहे. आरएक्स ४८०च्या वादातही ‘माझा बोर्ड गेला’ अशा कहाण्या फिरल्या. त्यांतल्या किती खऱ्या हे ठरवायला कोणाकडे पुरावा नव्हता. एएमडीविरुद्धची बाजू टिकली ती कहाण्यांवर नाही, आलेखांवर.

आता दुरुस्तीकडे येऊ, कारण सगळ्यांत रोचक भाग तिथे आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एएमडीने क्रिमसन १६.७.१ हा ड्रायव्हर दिला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, स्लॉटला जोडलेल्या टप्प्यांकडून बोजा काढून तो केबलच्या टप्प्यांकडे वळवला. ही सोय आपोआप लागू झाली. दुसरी, एकूण वीजच कमी करणारी एक कळ. ती मुळात बंद ठेवलेली, ज्याला हवी त्याने चालू करायची. शिवाय खेळांत तीन टक्क्यांपर्यंत वेग वाढवणाऱ्या सुधारणा, म्हणजे कळ चालू केली तरी फार काही गमावल्यासारखं वाटू नये.

अभियांत्रिकीच्या नजरेने पहिली गोष्ट शहाणपणाची होती. बोजा केबलवर गेल्याने सहा टोकांच्या जोडणीची ७५ वॅटची कागदी मर्यादा आता ओलांडली जात होती, म्हणजे एक उल्लंघन मिटवायला दुसरं केलं. पण दोन्ही मर्यादा सारख्या नाहीत. आठ टोकांच्या केबलला १५० वॅटची मुभा आहे, आणि १२ व्होल्टच्या तारा तिच्यातही तीनच. सहा टोकांच्या बहुतेक केबलींतही तीनच असतात. आठ टोकांच्या केबलीतली जादा दोन टोकं जमिनीशी जोडलेली असतात आणि ‘मी आठ टोकांची आहे’ एवढंच कार्डाला सांगतात. सहा टोकांच्या जाड केबलीत सवड भरपूर, स्लॉटच्या पाच नाजूक टोकांत ती जेमतेम. तेव्हा कुठली तरी मर्यादा मोडायचीच असेल तर केबलची मोडणं बरं, हे एएमडीच्या अभियंत्यांनी बरोबर ओळखलं. सगळ्या मर्यादांना सारखं पवित्र मानणारा माणूस इथे चुकीचा निर्णय घेतो.

पण कळ बंद ठेवण्याचा निर्णय अभियंत्यांचा वाटत नाही, विक्री विभागाचा वाटतो. नेमकं त्याच सुमारास एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० जाहीर केलं होतं, १२० वॅटचं. समीक्षांमधल्या तक्त्यांत आरएक्स ४८०चे आकडे घसरू नयेत, ही चिंता होती. म्हणून नियम पाळणारी अवस्था ग्राहकाच्या माथी मारली गेली: ज्याला काळजी वाटते त्याने सेटिंगमध्ये जाऊन शोधावं. वास्तविक उलट हवं होतं. कारखान्यातून येणारी अवस्था नियमात बसणारी असावी आणि ज्याला जास्त वेग हवा त्याने स्वतःच्या जबाबदारीवर कळ फिरवावी. ओव्हरक्लॉकिंग करणारा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेगात कार्ड चालवणारा, आपल्या डोक्यावर धोका घेतो, जाणूनबुजून. दुकानातून कार्ड घेऊन घरी लावणाऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं.

खरं उत्तर एएमडीने पुढच्या वर्षी दिलं, गाजावाजा न करता. एप्रिल २०१७ मध्ये आलेलं आरएक्स ५८० हे जवळपास त्याच चिपचं थोडं वेगवान रूप. त्याची घोषित भूक १८५ वॅट आणि सोबत आठ टोकांची केबल. आकडा वाढला, पण तो खरा होता आणि तो वाहून नेणारं तांबं कार्डावर होतं. आरएक्स ४८०च्या वेळीच कंपनीच्या जोडीदारांनी आठ टोकांची कार्डं काढली होती. तेव्हा तसं करता आलं नसतं असं नाही. पण १५०चा आकडा आणि लहानशी एकच केबल, हे दोन्ही जाहिरातीत देखणं दिसतं.

एएमडीच एकटी खलनायक, असं मात्र मानू नये. २०१४ मध्ये तिच्याच आर९ २९५एक्स२ या कार्डाची घोषित भूक ५०० वॅट होती. दोन आठ-टोकी केबली आणि स्लॉट मिळून नियमात बसतात ३७५. म्हणजे नियम उघड मोडला होता. पण कंपनीने तो कबूल केला, कोणता एसएमपीएस लागेल ते केबलीमागे किती अँपिअर हवेत इथपर्यंत सांगितलं आणि जादा बोजा केबलींवर ठेवला. स्लॉटला हात लावला नाही. त्या कार्डावर गदारोळ झाला नाही. ग्राहकाला माहीत होतं तो काय घेतोय, आणि त्याच्या घरातला एसएमपीएस तो तसा निवडू शकत होता.

पहारा नसलेल्या मर्यादेची खरी परीक्षा पुढे आभासी चलनाच्या ‘खाण’ उद्योगाने घेतली. इथेरियमसारखं चलन कमावायला लोक एका बोर्डाला सहा-सहा, बारा-बारा कार्डं जोडत. स्लॉट पुरत नसल्याने ‘रायजर’ नावाची छोटी पट्टी वापरायची, आणि तिला वीज द्यायची ती हार्ड डिस्कच्या साटा केबलमधून, कारण तीच हाताशी असे. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टची टोकं तीन, प्रत्येकी दीड अँपिअरची: एकूण ५४ वॅट. तिच्यावर ७५ मागणारं कार्ड रात्रंदिवस. खाणवाल्यांच्या वर्तुळात वितळलेल्या साटा जोडण्यांची छायाचित्रं इतकी फिरली की ‘साटावर रायजर लावू नका’ हा पहिला धडा झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने कार्डांवर चलन कमावण्याची पद्धतच सोडली आणि ती राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. ती आजही हात बदलतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० आलं, ४५० वॅटचं. नव्या सोळा टोकांच्या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत जायची मुभा होती: १२ व्होल्टच्या सहा तारा आणि प्रत्येकीवर सव्वाआठ अँपिअर. टोकांची क्षमता नऊ-साडेनऊच्या आसपास. म्हणजे जुन्या आठ-टोकी केबलीत जी ऐसपैस सवड होती ती इथे नखाएवढी उरली. काही आठवड्यांत वितळलेल्या जोडण्या दिसू लागल्या. नोव्हेंबरात एनव्हिडियाने सांगितलं की सुमारे पन्नास प्रकरणं आपल्याला ठाऊक आहेत आणि केबल पूर्ण आत न बसणं हे त्यांतलं सामाईक कारण दिसतं. २०२३ मध्ये जोडणीचा आकार सुधारला, केबल नीट न बसल्यास कार्ड चालूच होऊ नये म्हणून जाणीव देणारी टोकं आखूड केली. २०२४ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने काटकोनी अॅडॅप्टर परत मागवले, पंचवीस हजारांहून जास्त.

मग जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० आलं, ५७५ वॅटचं. फेब्रुवारीत एका जर्मन तंत्रज्ञाने मोजून दाखवलं की सहा तारांमधला प्रवाह सारखा वाटला जात नाही. त्याच्या मांडणीत एका तारेतून वीस अँपिअरपेक्षा जास्त जात होते. कार्डाच्या दृष्टीने मात्र सगळं ठीक होतं, कारण सहाही तारा कार्डावर शिरताच एकत्र होतात आणि कार्ड फक्त बेरीज बघतं. आरटीएक्स ३०९० टीआय या आधीच्या कार्डात तारांच्या जोड्या वेगवेगळ्या मोजायची सोय होती. पुढच्या कार्डांत ती काढून टाकली गेली. प्रत्येक तार मोजायला लागणारे भाग काही डॉलरांचे असतील. दोन हजार डॉलरच्या कार्डात ते परवडले नाहीत, असं म्हणायचं.

दोन्ही प्रकरणांत दोष तांब्याचा कमी आणि पहाऱ्याचा जास्त आहे. २०१६ मध्ये स्लॉटची वाट कोणी मोजत नव्हतं, २०२५ मध्ये बहुतेक कार्डं केबलची एकेक तार मोजत नव्हती.

मर्यादा कायमच्या असाव्यात असा याचा अर्थ नव्हे. असूसने २०२३ मध्ये असे बोर्ड दाखवले ज्यांत नेहमीच्या स्लॉटशेजारी दुसरी खाच आहे आणि तिच्यातून ग्राफिक कार्डाला ६०० वॅटपर्यंत वीज देता येते, एकही केबल कार्डाला न लावता. स्लॉटमधून ७५ वॅटच का, या वीस वर्षं जुन्या प्रश्नाला हे सरळ उत्तर आहे: हवं तर वाढवा, पण त्यासाठी वेगळी टोकं लावा, बोर्डात जाड तांबं घाला, आणि हे त्या खाचेत बसणाऱ्या कार्डालाच मिळेल असं बघा. जुन्या पाच टोकांना न विचारता त्यांच्याकडून काम काढून घेणं वेगळं.

सिल्व्हर मॉलसारख्या बाजारात आरएक्स ४८०, ५७०, ५८० ही कार्डं अजून स्वस्तातल्या संगणकांत बसवली जातात. सुरुवातीच्या ४८०ला मिळालेली दुरुस्ती कार्डाच्या तांब्यात नव्हती, ड्रायव्हरमध्ये होती. जुनं कार्ड घेऊन घरी कोणी खोक्यातल्या सीडीवरचा पहिलाच ड्रायव्हर टाकला, तर बोजाची निम्मी वाटणी परत येते आणि पाच टोकांतून सात अँपिअर वाहू लागतात. तेव्हा असं कार्ड घेणाऱ्याने दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात: मागे सहा टोकं आहेत की आठ, आणि ते बसणार त्या बोर्डाच्या चोवीस-टोकी जोडणीची १२ व्होल्टची टोकं तपकिरी तर पडलेली नाहीत ना. दुसऱ्या प्रश्नासाठी कॅबिनेटची बाजू उघडावी लागते आणि बॅटरीच्या उजेडात वाकून पाहावं लागतं. बहुतेक दुकानदार हसतील, पण नकार देणार नाहीत.